घागरीची मोटार

"अण्णांची पोरगी मुकी हाय का काय?"

पुढच्या मोटारीचा ड्रायव्हर हे हळूच बोलला होता. पण रांगेतली सगळी इंजिनं बंद होती, कडुनिंबाखाली वारा पडलेला होता आणि मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते.

"मुकी न्हाई बाबा," दुसरा कुणी तरी म्हणाला. "शिकंदराबादला इंग्रजी शाळंत होती. आपल्यासंगं काय बोलंल ती?"

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. दोघांचंही चूक होतं, पण ते सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

आम्ही परभणीच्या कचेरीमागच्या मैदानात होतो. आदल्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. मोटारींचे जुने कागद उर्दूत होते, त्यांच्यावर हैदराबादचे शिक्के होते. आता नव्या राज्याचे कागद करायचे, त्याआधी सवाऱ्या नेणारी प्रत्येक मोटार तपासणीच्या सरकारी साहेबांनी बघायची, असा हुकूम निघाला होता. मोटार रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे असा दाखला मिळाला तरच सवारी घ्यायची. नाहीतर मोटार दारात उभी करायची. वडिलांची मोटार पूर्णा स्टेशनावरून पालमकडे सवाऱ्या नेत असे. आमच्या घरात दुसरं काही चालत नव्हतं. शेत नव्हतं, दुकान नव्हतं. होती ती ही एक मोटार, आणि तिच्यावर त्यांचा जीव.

रांगेतल्या बाकीच्या मोटारी धुळीच्याच होत्या. आमची नवरीसारखी सजवलेली होती.

"अण्णा, लगिन कुणाचं हाय? मोटारीचं?" पुढच्या ड्रायव्हरनं आता मोठ्यानं विचारलं. सगळे हसले.

"लग्नाचं भाडं होतं," वडील म्हणाले. "सरळ तिथूनच आलो."

ते खोटं होतं. आम्ही सरळ घरून आलो होतो.

पुढच्या काचेला मोगऱ्याच्या माळा होत्या. बॉनेटच्या डाव्या अंगावर आईचं हिरवं लुगडं घड्या घालून अंथरलं होतं आणि दोरीनं बांधलं होतं. आणि बॉनेटच्या पुढच्या टोकाला, अगदी नाकावर, एक तांब्याची घागर होती. तिच्या तोंडात आंब्याचे डहाळे, डहाळ्यांवर नारळ, पोटावर हळदीकुंकवाची बोटं. बघणाऱ्याला वाटावं कलश आहे.

तो कलश नव्हता. ते आमच्या मोटारीचं पाणी होतं. आणि लुगड्याखाली जे होतं ते साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून वडिलांनी हा सगळा घाट घातला होता.

ती मोटार मुळात एका जहागीरदाराची होती. वडील त्याच्याकडे ड्रायव्हर होते. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत तो हैदराबादला निघून गेला आणि जाताना थकलेल्या पगाराच्या बदल्यात मोटार वडिलांना देऊन गेला. ती कित्येक महिने कडब्याखाली लपवून ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा इंजिन गंजून एकजीव झालं होतं. त्या कंपनीचे भाग आपल्याकडे मिळत नव्हते. मग वडिलांनी कुठून तरी लिलावातलं लष्करी लॉरीचं इंजिन आणलं. ते मूळ इंजिनापेक्षा मोठं निघालं. उंचीला बसलं, पण डाव्या बाजूला वीतभर बाहेर आलं.

तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि उन्हाळ्याच्या सुटीला घरी आले होते. मामांना मूल नव्हतं. त्यांनी मला सातव्या वर्षी शिकायला सिकंदराबादला नेलं होतं. दर सुटीला मी घरी यायची, आणि दर सुटीला घर थोडं परकं वाटायचं. माझं मराठी पुस्तकातलं झालं होतं. मी "मला भूक लागलेली नाही" म्हटलं की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. मग मी मान हलवून भागवायला शिकले. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. मी लहानपणी म्हणत असेन, पण पुढे ती हाक माझ्या तोंडातून गेली ती गेलीच. काही हवं असलं की मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायची. त्यांचं लक्ष जाईपर्यंत उभी राहायची.

तेही माझ्याशी जपून बोलत. स्टेशनावर मला घ्यायला आले की खांद्यावरच्या पंच्यानं सीट पुसायचे आणि मग म्हणायचे, "बस, माय." तहसीलदाराला बसवताना ते असंच सीट पुसत. मला ते आवडत नसे. घरच्या माणसासाठी कुणी सीट पुसतं का?

त्या सुटीत मात्र काम निघालं. अंगणात, आंब्याच्या सावलीला मोटार उभी होती. वडिलांनी बॉनेटचा डावा पाखा काढून जमिनीवर ठेवला, खडूनं रेघ ओढली आणि छिन्नी-हातोडीनं तो कापला. मोठ्या इंजिनाला बाहेर यायला जागा हवी होती. मग रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून, ठोकून त्यांनी त्या भोकावर बसेल असा एक फुगवटा तयार केला. मोजायला त्यांच्याकडे पट्टी नव्हती. ते वितीनं मोजत आणि वीत पुरली नाही की बोटं धरत. रिबिटं मारायची वेळ आली तेव्हा पत्रा सरकू लागला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मी तिथेच उभी होते, नेहमीसारखी.

"धरतीस का, माय?"

मी धरला. दोन्ही हातांनी. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला पत्रा झिणझिणायचा आणि ती झिणझिण कोपरापर्यंत यायची. एक ओळ झाली की ते माझे तळवे उलटे करून बघायचे, कापलं तर नाही ना म्हणून. आम्ही दोघं बोललो नाही. तीन दुपारी आम्ही तसं काम केलं. माझ्या लहानपणातल्या इतर दुपारींपेक्षा मला त्या तीन जास्त आठवतात.

फुगवटा बसला तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "अवो, मोटार पोटुशी केली का काय तुमी?"

मोठं इंजिन तापायचंही फार. पालमच्या रस्त्याला वैशाखात दर दोन कोसांवर वाफ निघायची. त्यावर वडिलांनी काढलेला तोडगा म्हणजे आईच्या माहेरची तांब्याची घागर. तिच्या बुडाला तोटी लावून, रबरी नळी रेडिएटरच्या तोंडात सोडून, लोखंडी पट्ट्यांनी ती त्यांनी बॉनेटच्या नाकावर आवळली. पाणी कमी पडलं की घागरीतून आपोआप खाली उतरायचं. आई आठ दिवस बोलली नाही. मग येणाऱ्याजाणाऱ्यांना तीच सांगू लागली, "आमच्या बापाची घागर हाय म्हणून चालायलीय ती मोटार."

रस्त्यावरच्या लोकांनी तर घागरीला आपली मानली. विहिरीजवळ मोटार थांबली की सवाऱ्या उतरून एकेक तांब्या पाणी आणायच्या. म्हातारे म्हणायचे, "पाजा रे तिला आधी." पाणी ओतायच्या आधी बायका घागरीला कुंकू लावायच्या. तांब्याची भरली घागर म्हटल्यावर हात आपसूक जायचा. पाडव्याला तर तिच्या गळ्यात साखरेची गाठीसुद्धा पडायची.

म्हणून साहेबांच्या तपासणीची नोटीस आली तेव्हा वडिलांना जो उपाय सुचला तो आमच्याकडे कुणालाही सुचला असता. घागर झाकायची कशाला? तिचा कलश करायचा.

नोटीस इंग्रजीत होती. ती वाचायला त्यांनी माझ्याकडे दिली. मी मॅट्रिक होऊन कायमची घरी आले होते, आणि त्या पत्र्यानंतर त्यांनी मला काहीतरी करायला सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. सीट पुसावी तसा त्यांनी तो कागदही पंच्यानं पुसून दिला.

मी दोनदा वाचली. ब्रेक, दिवे, भोंगा तपासणार. मोटारीत किंवा इंजिनात बदल केला असेल तर मालकानं तो लेखी कळवायचा; कुणी केला तेही लिहायचं. बदल धोक्याचा नसेल तर नव्या कागदावर त्याची नोंद होईल. न कळवता केलेला बदल आढळला तर दाखला मिळणार नाही. इतकं सोपं होतं. मला ते सावकाश, नीट सांगायला हवं होतं.

"काय म्हणायलाय कागद?" वडिलांनी विचारलं.

"बदल केला असेल तर दाखला मिळणार नाही," मी म्हणाले. मधलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. त्यांचा चेहरा बघितला आणि पुढचे शब्द जुळेनात. ते उठून मोटारीकडे गेले आणि फुगवट्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं होतं, सांगू थोड्या वेळानं. तेवढ्यात त्यांनी आईला लुगडं मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहीचा कागद फाडून इंग्रजीत अर्ज लिहिला. कोणतं इंजिन, त्याचा नंबर, पत्रा, घागर, सगळं. सहीची जागा मोकळी सोडली. अर्ज घडी करून पुस्तकात ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांचं लक्ष गेलं.

"काय, माय?"

"काही नाही," मी म्हणाले.

तपासणीच्या दिवशी ते म्हणाले, "साहेब इंग्रजीत बोलला तर मला काय कळंल? तू चल." म्हणून मी कडुनिंबाखाली उभी होते आणि तो कागद माझ्या मुठीत होता. घामानं त्याची घडी मऊ पडली होती.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. ते मराठीतच बोलत होते. मला हायसं वाटलं. आता माझं काम उरलं नव्हतं.

"लग्नाहून आलात?" त्यांनी माळांकडे बघत विचारलं.

"जी, साहेब." वडिलांनी कपाळावरचं भस्म सकाळी नेहमीपेक्षा ठळक लावलं होतं. घामानं ते भुवयांवर उतरलं होतं.

साहेबांनी भोंगा वाजवून बघितला, दिवे लावायला सांगितले, चाकं लाथेनं तपासली. लुगड्याकडे त्यांनी बघितलं आणि सोडून दिलं. मग म्हणाले, "त्या टोकापर्यंत जोरात न्या आणि ब्रेक लावा. पाच वेळा."

मे महिन्यातली दुपार. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मला घागरीतून गुडगुड ऐकू आली. ती गुडगुड मी ओळखत होते. एरवी वडील लगेच मोटार थांबवत. आज त्यांना थांबता येत नव्हतं. चौथी फेरी झाली. पाचव्या फेरीला ते मैदानाच्या टोकावरून वळून आमच्याकडे आले, ब्रेक लावला, मोटार जागच्या जागी थांबली, आणि घागरीतून वाफेचा एक लोट उठला. डहाळे उडाले. नारळ वर उसळला, बॉनेटवर आपटला, जमिनीवर पडला आणि घरंगळत साहेबांच्या बुटापाशी येऊन थांबला.

मग पुढचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, नवरीनं नारळ दिला. आता न्हाई म्हणू नका."

मैदान हसलं. साहेबांनाही हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. त्यांनी घागरीभोवती फिरून तोटी बघितली, नळी बघितली.

"हे काय आहे?"

"कळश, साहेब."

"कळशाला तोटी असते?"

साहेबांनी स्वतः दोरी सोडली. आईचं लुगडं त्यांनी जमिनीवर पडू दिलं नाही. घडी करून माझ्या हातात आणून दिलं. हे मला आजही आठवतं. मग ते परत गेले, बॉनेटचा डावा पाखा उचलला आणि बराच वेळ आत बघत राहिले. फुगवट्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. रिबिटं एकेक करून दाबून बघितली. नळीचे सांधे हलवून बघितले. वडिलांच्या जागेवर बसून घागरीपलीकडचं किती दिसतं तेही पाहिलं. मला वाटतं, त्यांना ते काम आवडलं होतं. पण तोंडावर तसं काही नव्हतं.

"हे इंजिन या गाडीचं नाही. कुणी बसवलं?"

वडिलांनी खाली बघितलं. त्यांचे हात पाठीमागे होते. ते एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताची बोटं दाबत होते. त्या बोटांना पत्र्याच्या जुन्या खुणा होत्या.

"मिस्त्रीनं, साहेब," ते म्हणाले. "नांदेडचा मिस्त्री होता एक."

"आणि हा पत्रा? घागर?"

"त्यानंच. समदं त्यानंच केलं. आपण अडाणी माणूस, साहेब. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

आमच्या गावाकडच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हसून सांगितलं असतं की असला मिस्त्री कधी जन्मलाच नाही. पण तिथे पुढच्या ड्रायव्हरनंही मान वळवली. सरकारी माणसासमोर हे माझ्या हातचं आहे असं कबूल करायचं नसतं, हे ते सगळे पूर्वीपासून शिकलेले होते. हातचं निघालं की दंड हातावर येतो.

"मग त्या मिस्त्रीचं पत्र आणा," साहेब म्हणाले. "कुणी केलं ते मला लिहावं लागतं. काम वाईट नाही. पण कुणाचं तरी नाव हवं. नाहीतर मी दाखला देऊ शकत नाही."

त्यांनी फॉर्म बॉनेटवर ठेवला होता. पेन उघडं होतं. मिस्त्रीचं पत्र कधीच येणार नव्हतं, कारण मिस्त्रीच नव्हता.

वडिलांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मदत मागायला नाही. मोटारीतून उतरून घराकडे निघालेल्या सवारीकडे बघतात तसं, पोचली का नीट, एवढंच.

पुढचं थोडं आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. साहेबांनी तीन गोष्टी करून आणायला सांगितल्या. फुगवट्याची कड आत वळवायची, कुणाला कापू नये म्हणून. घागर समोरून काढून डाव्या मडगार्डवर घ्यायची, म्हणजे ड्रायव्हरला रस्ता पूर्ण दिसेल. आणि घागरीच्या तोंडाला झाकण बसवायचं, नारळ नाही. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो आणि दाखला घेऊन आलो. कड वळवताना पत्रा मीच धरला. आता माझे तळवे कुणी उलटे करून बघितले नाहीत, पण मधल्या वेळात वडिलांनी मला पाणी आणून दिलं आणि स्वतः बॉनेटला टेकून प्यायले, माझ्या शेजारी. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी सीट पुसत नाहीत. मोटार अजून चालते. नव्या कागदावर 'बदल कुणी केला' या ओळीपुढे त्यांचं नाव आहे. ते वाचता येत नसूनही त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती आईला दाखवली होती.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. पेन उघडं होतं, वडील खाली बघत होते, आणि माझ्या एका हातात आईचं लुगडं होतं, दुसऱ्यात घामेजलेला कागद. मी चार पावलं पुढे गेले. नेहमीप्रमाणे त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. पण या वेळी त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबले नाही. घरून येताना मी इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. अर्ज मी फॉर्मवर ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"मिस्त्री कुणी नव्हता, साहेब. हे समदं आमच्या अण्णांनी केलंय. पत्रा मी धरला व्हता."